कागद, साक्ष आणि ठरलेला दिवस : जालना जिल्ह्याच्या निमित्ताने नागरी देखरेखीची ओळख

मत देऊन झाल्यावर पुढची पाच वर्षे कारभाराचा हिशेब कोणी मागायचा आणि कसा, या प्रश्नावर नागरिकांनी स्वतः शोधलेले उत्तर म्हणजे नागरी देखरेख. ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत लिहिलेला खर्च जागेवर दिसतो का, रोजगार हमीच्या हजेरीपटावरचे मजूर खरोखर कामावर होते का, टँकरच्या जेवढ्या फेऱ्या कागदावर आहेत तेवढ्या गावात आल्या का, असे प्रश्न धरून बसणारे गट महाराष्ट्रात नाना नावांनी काम करतात. कुठे तो माहिती अधिकार मंच असतो, कुठे सजग नागरिकांचा गट, ग्राहक पंचायत, गावातला अभ्यास गट किंवा विभागाची विकास परिषद. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक अधिकार कसा वापरला गेला हे लोकांसमोर तपासणे, हे या सगळ्यांचे समान काम.

असा गट विरोधी पक्षापेक्षा वेगळा, कारण त्याला सत्तेवर बसायचे नसते. वृत्तपत्रापेक्षाही वेगळा, कारण बातमी छापून आली की त्याचे काम संपत नाही. बहुधा तिथूनच सुरू होते. आंदोलनाशी त्याचे नाते जवळचे आहे, पण आंदोलन नवी मागणी पुढे करते आणि देखरेख आधीच मंजूर झालेल्या गोष्टीचा पाठपुरावा करते. लोकसहभागाच्या विधायक कामापासूनही तो निराळा काढावा लागतो. जालना शहरात घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने निजामकालीन घाणेवाडी तलावातला गाळ लोकांच्या मदतीने काढला, हे लोकसहभागाचे ठळक उदाहरण. अशा तलावाच्या देखभालीसाठी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद किती होती आणि त्यातली खर्ची किती पडली, हे विचारणे ही देखरेख. पहिल्या कामाला श्रम आणि पैसा लागतो, दुसऱ्याला चिकाटी आणि कागद वाचण्याची सवय.

देखरेख तीन गोष्टींवर उभी राहते. कागद ही पहिली गोष्ट. मंजुरी, हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, लाभार्थ्यांची यादी, देयक यांच्याशिवाय तक्रार ही नुसती कुरबूर राहते. दुसरी गोष्ट साक्ष, म्हणजे जागेवर काय घडले हे ठाऊक असलेला माणूस. तिसरी ठरलेला दिवस, म्हणजे उत्तर देणाऱ्याला टाळता येणार नाही अशी कायद्याने किंवा रिवाजाने बांधलेली वेळ. रोजगार हमीच्या हजेरीपटावर गाव सोडून गेलेल्या माणसाचे नाव असेल, तर तालुक्याच्या कार्यालयात बसलेल्या लेखापरीक्षकाला त्यात काही वावगे दिसत नाही. नाव आहे, जॉबकार्डचा क्रमांक आहे, दिवस आहेत, बेरीजही बरोबर आहे. तोच हजेरीपट पारावर मोठ्याने वाचला की कोणीतरी मधेच थांबवून म्हणते, हा तर त्या महिन्यात पुण्याला होता. कागद तालुक्याला, साक्ष गावात आणि दोघांची गाठ घालणारा दिवस कुठेच नाही, अशा स्थितीत हिशेब कधीच लागत नाही. ही गाठ कोणी, कशी आणि किती काळ घालून दिली, या कसोटीवर महाराष्ट्रातले नागरी देखरेखीचे प्रयोग पाहता येतात. प्रस्तुत पुस्तकाने हीच कसोटी धरली आहे.

जालना कशासाठी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परतूरचा भाग परभणीतून घेऊन तो तयार झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार लोकसंख्या, असा हा मध्यम आकाराचा जिल्हा. शहर बियाणे आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, ग्रामीण भाग कापूस, सोयाबीन आणि मोसंबीसाठी. दक्षिणेच्या सीमेवरून गोदावरी वाहते आणि पैठणचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरकडे येतो. बाकी शेती मुख्यतः पावसावर आणि विहिरीवर. १९७२ आणि २०१२-१३ चे दुष्काळ या जिल्ह्याने अगदी जवळून पाहिले.

अशा जिल्ह्यात सामान्य माणसाची सरकारशी गाठ पडते ती बहुतेक वेळा यादीच्या रूपाने. रोजगार हमीच्या मजुरांची यादी, टँकर लागलेल्या गावांची यादी, अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी, पीकविम्याची यादी, घरकुलाची यादी, रेशनची यादी. यादीत नाव आले की वर्ष निभावते, राहिले की सावकाराचे दार. म्हणून इथे उत्तरदायित्वाचा प्रश्न तत्त्वचर्चेच्या फार आधी पोटापाण्याचा होतो. यादी कोणी केली, कशाच्या आधारे केली, हरकत कुठे घ्यायची, एवढे तीन प्रश्न धरले तरी जिल्ह्याच्या कारभाराचा मोठा भाग त्यात येतो.

पैसेवारीचे, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या सरकारी अंदाजाचे, उदाहरण घेता येईल. खरीप पिकांची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर जाहीर करण्याची मराठवाड्यात रीत आहे. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो, वर गेली तर बंद. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती असे निर्देशांक आणले, तरी पैसेवारीचा आकडा आजही गावागावांत वादाचा विषय असतो. आकडा जाहीर झाल्यावर तहसीलवर मोर्चा नेणारी गावे पुष्कळ. पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी त्या वावरात उभे राहून, किती क्षेत्र कापले, वजन किती भरले, ते लिहून घेणारी गावे थोडी. मोर्च्यातला राग खरा असतो. पण वजन लिहून घेतलेल्या गावाजवळ बोट ठेवायला आकडा असतो.

सार्वजनिक सभेपासून अनुशेषापर्यंत

मराठी मुलुखात ही परंपरा नवी नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेत सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. प्रतिनिधी कोणाचा, हे कागदावर सिद्ध करायला लावणारी ती संस्था होती. १८७६-७७ च्या दुष्काळात गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने गावोगावची हकीकत जमवून सरकारपुढे मांडली. सरकारी आकड्याला लोकांनी जमवलेल्या माहितीने उत्तर देण्याचा हा मराठीतल्या पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी खात्यांतल्या नोकरशाहीकडे शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले, तेव्हा देखरेखीचा प्रश्न शहरी सुशिक्षितांच्या वर्तुळाबाहेर आला.

जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे जाहीर सभेलाही आधी परवानगी लागे, आणि जबाबदार राज्यपद्धती ही मागणीच धाडसाची होती. ही मागणी मराठी भाषकांच्या वतीने पुढे नेणाऱ्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरले. आज जालना जिल्ह्यात असलेल्या या गावाने सनदशीर मार्गाने सत्तेला जाब विचारण्याची सुरुवात पाहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

येताना १९५३ च्या नागपूर करारातली विकासाची आश्वासने बरोबर होती. त्यांचे काय झाले, याचा पाठपुरावा मराठवाड्यातल्या संघटित देखरेखीचा पाया ठरला. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन, गोविंदभाई श्रॉफ यांनी दीर्घकाळ नेतृत्व केलेली मराठवाडा जनता विकास परिषद, वि. म. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल आणि १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) खाली आलेली वैधानिक विकास मंडळे या एकाच साखळीच्या कड्या आहेत. या साखळीने मराठी राजकारणाला ‘अनुशेष’ हा हिशेबाचा शब्द दिला. रस्ते, सिंचन, शाळा यांत विभाग सरासरीच्या किती मागे आहे हे मोजून मागणे, ही सवय त्यातून लागली. तिची उणीवही तिथेच होती. हिशेब विभागाचा झाला, तालुक्याचा आणि गावाचा राहून गेला. मराठवाड्याला किती मिळाले हे विचारणारे पुष्कळ होते, आलेले पैसे मंठ्यात कुठे खर्च झाले हे विचारणारे थोडे.

रोजगार हमी आणि माहितीचा अधिकार

गावपातळीचा हिशेब ऐरणीवर आला तो रोजगार हमीमुळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले, आणि मजूर सरकारला कायद्याचे नाव घेऊन प्रश्न विचारू लागला. हजेरीपट, मोजमाप, दर, आठवड्याचा पगार हे शब्द बायामाणसांच्या तोंडी रुळले. त्याच काळात, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीने वजन-माप आणि भाव तपासण्याची सवय मध्यमवर्गाला लावली.

या दोन्ही सवयींना कायद्याचे हत्यार मिळाले ते माहितीच्या अधिकाराने. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांच्या पुढाकाराने १९९४ पासून जनसुनवाई घेतल्या. पंचायतीची देयके आणि हजेरीपट भर सभेत वाचायचे आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांनाच विचारायचे, एवढीच त्यांची रीत. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले आणि मजुरीच्या प्रश्नातून जन्मलेली मागणी देशव्यापी झाली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलनाने तीच मागणी लावून धरली. राज्याच्या कायद्याला ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा आला आणि त्याच्या कलम १७ ने गावातल्या कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. शासकीय बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदाही २००५ चाच. कागद, साक्ष आणि ठरलेला दिवस हे तिन्ही कायद्याच्या कक्षेत आले ते याच सुमारास.

देखरेखीचे मुख्य प्रवाह

महाराष्ट्रातल्या प्रयत्नांचे ढोबळमानाने पाच प्रवाह दिसतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात. पण प्रत्येकाचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे.

पहिला प्रवाह ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यास गट आणि सर्वसहमतीचा निर्णय ही जोडी रुजवली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली जातात. इथे हिशेब मागणारे आणि देणारे समोरासमोर बसतात, ही या प्रवाहाची ताकद. पण सगळी गावे मेंढा नसतात. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा बंधनकारक आहे. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा मात्र पुढे गणसंख्येशिवायही भरवता येते. जालन्यातल्या अनेक कुटुंबांसाठी अडचण आणखी निराळी आहे. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा भरते तेव्हा ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. ज्यांच्या नावाने रोजगार, घरकूल आणि रेशनचे ठराव होतात, ती माणसे त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतात. दिवस ठरलेला आहे, पण साक्षीदार गावात नाही.

दुसरा प्रवाह माहिती अधिकाराचा. जोडपत्र ‘अ’ चा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, मग वीस रुपयांचे प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाचे विभागीय खंडपीठ, ही वाट आता तालुक्यातल्या अर्जनवीसांनाही पाठ आहे. २०१२ पासून राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो, म्हणून प्रश्न कसा घालायचा याला महत्त्व आले. ‘आमच्या गावात टँकरचा घोटाळा का झाला’ या प्रश्नाला कार्यालय उत्तर देत नाही, कारण अशी माहिती कोणत्याच फायलीत नसते. ‘१ मार्च ते ३० जून या काळात गावाला लागलेल्या टँकरच्या लॉगबुकच्या प्रती, वाहनाचा जीपीएस अहवाल आणि अदा केलेली देयके’ असे मागितले की तीन कागद हातात येतात आणि ते एकमेकांशी ताडून पाहता येतात. लॉगबुकात फेऱ्या रोज तीन आणि जीपीएसमध्ये दोन, एवढे दिसले तरी पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. पुण्यात महापालिकेच्या फायली दर सोमवारी नागरिकांना पाहायला खुल्या करण्याचा पायंडा पडला, तो याच प्रवाहाचे फळ.

तिसरा प्रवाह जनसुनवाई आणि सामाजिक अंकेक्षणाचा. २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. ‘साथी’ ही पुण्यातली संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती. गावकरी, आरोग्य कर्मचारी आणि पंचायत सदस्य मिळून उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरत. लाल, पिवळा, हिरवा या रंगांत भरलेले हे पत्रक लिहितावाचता न येणाऱ्यालाही कळे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना त्यावर तिथल्या तिथे बोलावे लागे. कागद आणि साक्ष यांची एवढी थेट गाठ दुसऱ्या पद्धतींत क्वचितच पडते. मात्र ती घालून देणारी संस्था आणि तिचा निधी उठला की जनसुनवाई थांबते, हाही अनुभव आहे.

चौथा प्रवाह न्यायालयाचा. मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न याच वाटेने पुढे गेला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने आले. समन्यायी पाणीवाटपासाठी प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. पैठणच्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला किती पाणी आहे हे पाहून वरच्या धरणांतून किती सोडायचे ते ठरवण्याची पद्धत रूढ झाली. दरवर्षीच्या भांडणाला एक तारीख आणि एक आकडा मिळाला, हा देखरेखीच्या दृष्टीने मोठा लाभ. जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी औरंगाबाद खंडपीठात दाखल केलेल्या जनहित याचिकेने, २००५ च्या कायद्याला अपेक्षित असलेला एकात्मिक राज्य जल आराखडा तयार नसतानाच प्रकल्पांना मान्यता दिल्या गेल्याचे उघड केले. कायदा करणारे सरकारच तो पाळत नाही, हे सरकारी कागदांवरूनच दाखवून देणारी ती याचिका होती. न्यायालयाची वाट खर्चाची आणि लांबची. पण एकदा आदेश झाला की तो पुढच्या वर्षीही उपयोगी पडतो.

पाचवा प्रवाह मोजणीचा. मुंबईत ‘प्रजा’ आणि ‘अग्नी’ या संस्थांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोकप्रतिनिधी आणि महापालिका सेवांचे मोजमाप सुरू केले. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात कामे सुचवण्याची सोय झाली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये आणि केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत घालून दिलेल्या वाटेशी हे जुळणारे आहे. जालन्यात हा प्रवाह पाण्याच्या रूपाने आला. कडवंची गावाने पाणलोटाच्या कामातून द्राक्षबागा उभ्या केल्या. भोकरदन आणि परिसरातल्या गावांत ‘वॉटर’ या संस्थेने गावकऱ्यांबरोबर पाण्याचे ताळेबंद मांडले. पाऊस किती झाला, अडला किती, पिकांना आणि माणसांना लागेल किती, ही वजाबाकी ज्या गावाला येते त्या गावाला जलसंधारणाच्या कामाचे मोजमापही तपासता येते. जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळीवर अपेक्षित परिणाम दिसला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० मध्ये ठेवला. तो मुंबईत मांडला गेला तेव्हा कामे होऊन बरीच वर्षे झाली होती. गावातला ताळेबंद त्याच साली बोलू शकला असता.

या पाचही प्रवाहांच्या कडेने आंदोलनाचा प्रवाह वाहत असतो. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचे नाव देशभर पोचले. ती मागणी आरक्षणाची होती, देखरेखीची नव्हती. तरीही तिच्यातून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन महसुली व इतर दप्तरांत आरक्षणाला आधार ठरणाऱ्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. मोडी आणि उर्दूतल्या जुन्या कागदावर एका कुटुंबाचे शिक्षण अवलंबून असू शकते, हे त्यानंतर गावागावांत कळले. दप्तरखाना हा सार्वजनिक प्रश्न झाला.

सरकारने उघडलेली दारे

नागरिकांच्या रेट्याला सरकारने काही कायम दारे उघडून प्रतिसाद दिला. लोकायुक्त आणि उपलोकायुक्तांचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्येच केला होता. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आणि दाखला किती दिवसांत मिळायचा हे फलकावर लिहिणे आले. रेशनसाठी दक्षता समित्या, शाळेसाठी व्यवस्थापन समिती, पाणीपुरवठ्यासाठी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, नियोजनासाठी ‘आमचं गाव, आमचा विकास’ खालचा ग्रामपंचायत विकास आराखडा, अशी ही दारांची रांग लांब आहे.

यातल्या अनेक समित्या कागदावरच भरतात. सदस्याला आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसते, इतिवृत्तावर सह्या घरपोच घेतल्या जातात. म्हणून देखरेख करणाऱ्या गटाने नवी समिती मागण्याआधी आहे त्या समितीचे सभावृत्त मागावे, हा जाणत्या कार्यकर्त्यांचा सल्ला असतो. सभा झाली नसेल तर ते दिसते. झाली असेल तर काय ठरले ते हाती लागते.

आक्षेप आणि धोके

या क्षेत्रावरचे आक्षेपही गंभीर आहेत. माहिती अधिकाराचा धंदा झाला, अर्ज टाकून कंत्राटदार आणि कर्मचाऱ्यांकडून पैसे उकळले जातात, अशी तक्रार कार्यालयांत नेहमी ऐकू येते. काही ठिकाणी ती खरी आहे, काही ठिकाणी अडचणीचा प्रश्न टाळण्याची सबब. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे: मिळालेली माहिती गावासमोर वाचली जाते की अर्जदाराच्या कपाटात राहते. दुसरा आक्षेप प्रतिनिधित्वाचा. गटात कोण बसते, बोलते कोण, दलित वस्तीचा नळ आणि तांड्याचा रस्ता कोणाच्या यादीत कितवा असतो, हे पाहिले तर गावातली उतरंड देखरेखीतही उतरलेली दिसते. महिलांची सभा वेगळी घेण्याची तरतूद याच अनुभवातून आली.

धोका जिवाचाही आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली; जमीन व्यवहारांतले गैरप्रकार त्यांनी माहिती अधिकारातून पुढे आणले होते. एकट्याने लढणारा माणूस गाठणे सोपे असते. अर्ज एकाऐवजी दहा जणांनी करणे आणि माहिती मिळताच जाहीर करणे, हे नैतिक आग्रहाइतकेच सुरक्षिततेचेही उपाय आहेत.

आजची निकड

या विषयाची निकड गेल्या काही वर्षांत वाढली, त्याची तीन कारणे देता येतात. पहिले लोकप्रतिनिधींच्या अनुपस्थितीचे. राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्याने त्या दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या; जालना जिल्हा परिषद त्यांतलीच. जालना नगरपालिकेची महापालिका २०२३ मध्ये झाली, तीही प्रशासकाच्या काळात. सभागृहात प्रश्न विचारणारा सदस्यच नसेल, तर तो प्रश्न नागरिकाकडे येतो.

दुसरे कारण कागदाच्या नव्या रूपाचे. हजेरी मोबाइलच्या छायाचित्रावर, पैसा थेट खात्यावर, याद्या संकेतस्थळावर, असा बदल झाला. कागद दिसायला सोपा झाला, तरी तो गावासमोर वाचायची रीत मागे पडत गेली. २०२२ ते २०२४ मधल्या अतिवृष्टी व इतर नैसर्गिक आपत्तींच्या अनुदान वाटपात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत कोट्यवधींचा गैरव्यवहार झाल्याचे २०२५ मध्ये चौकशीत पुढे आले आणि अनेक तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पैसे थेट खात्यात गेले तरी यादी चुकीची असेल तर ते चुकीच्याच खात्यात जातात, हे त्यातून दिसले. गावात कोणाची जमीन किती आणि पीक कोणाचे गेले, हे गावाला ठाऊक असते. म्हणून वाटपाआधी यादीचे जाहीर वाचन आणि हरकतींसाठी ठरलेली मुदत, ही जुनी रीत संगणकाच्या काळातही तितकीच गरजेची आहे.

तिसरे कारण कायद्यातल्या बदलांचे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या अपवादाचे कलम बदलले. लाभार्थ्याचे नाव ही खासगी बाब की सार्वजनिक खर्चाची नोंद, हा वाद यापुढे याद्यांच्या प्रत्येक प्रश्नात डोके वर काढणार आहे. खासगीपणाचा हक्क महत्त्वाचा आहेच. पण नाव झाकलेल्या यादीची साक्ष कोणी देऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

या पुस्तकाचा प्रयत्न

प्रस्तुत पुस्तकाने जिल्हा हे एकक धरले आहे. राज्याच्या पातळीवर चर्चा धोरणाची होते आणि गावाच्या पातळीवर माणसांची. यादी मात्र तालुका आणि जिल्हा यांच्या दरम्यान तयार होते, मंजूर होते आणि बदलते. म्हणून हजेरीपट, टँकरचे लॉगबुक, पैसेवारीचे पत्रक, अनुदानाची यादी, ग्रामसभेचे इतिवृत्त असा एकेक कागद हाती धरून तो कुठे जन्मतो, त्यावर कोणाच्या सह्या होतात, तो कधी पाहायला मिळतो आणि त्यातली चूक कोणाला ओळखता येते, याचा माग इथे घेतला आहे. सैद्धांतिक चर्चा या मागाच्या अनुषंगाने येते.

पुस्तकाने काही गोष्टी हेतुपुरस्सर बाजूला ठेवल्या आहेत. निवडणूक सुधारणा, पक्षांचा निधी आणि पोलीस यंत्रणेवरची देखरेख हे स्वतंत्र ग्रंथांचे विषय आहेत. कोणता गट चांगला आणि कोणता वाईट, अशी गुणवत्ता यादीही इथे नाही. यशाच्या कथांना मिळते तेवढीच जागा रखडलेल्या आणि फसलेल्या प्रयत्नांना दिली आहे, कारण अर्ज निकाली निघूनही रस्ता तसाच राहतो तेव्हा साखळीची कोणती कडी तुटली, हे नवख्या वाचकाला त्यातूनच नीट कळते.

हे लेखन पदवीच्या विद्यार्थ्याला, तालुक्याच्या वार्ताहराला, नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्याला आणि पहिलाच अर्ज लिहिणाऱ्या नागरिकाला समोर ठेवून केले आहे. कार्यालयात टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यालाही त्याचा उपयोग व्हावा. स्वच्छ नोंद ठेवणाऱ्या तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला वाचलेली यादी संरक्षणच देते. जालन्यातला तपशील इतर जिल्ह्यांत जसाच्या तसा लागू होणार नाही. कागदांची नावे, पिके आणि हंगाम बदलतील. कागद कुठे आहे, साक्षीदार कोण आहे आणि दोघांची गाठ कोणत्या दिवशी पडणार आहे, हे तीन प्रश्न मात्र कोणत्याही तालुक्यात याच क्रमाने विचारता येतील.